दुसऱ्या अल्बममधली माझी बोंब

खोटं वाटेल, पण आमच्या कोरीट गावच्या पंक बँडचा दुसरा अल्बम मीच घडवला. म्हणजे, गेलो होतो बिघडवायला. बँड माझ्या नातीचा, मनीषाचा. पहिल्या अल्बममध्ये पोरीनं सरपंचापासून माझ्यापर्यंत सगळ्या गावाला ओरडून शिव्या घातल्या. दुसऱ्यात म्हणे अमेरिकेतल्या खेड्यांची कंट्री गाणी आणि ब्लूज कालवायचे. ब्लूज म्हणजे सुरात रडणं, एवढं मला कळलं.

कापसाच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगून बँडचे चौघं एकदमच रेकॉर्डिंग करत होते. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला गाणं संपत आलं आणि माझी जीभ वळवळली. दारातून ओरडलो, "अय, कोणी मरी गयं का? बंद करा ते रडनं!"

मनीषा थांबली नाही. माझ्याकडे डोळे वटारून तिनं गाणं शेवटाला नेलं.

आठवड्यानं तिनं ते मला ऐकवलं. माझी बोंब जशीच्या तशी!

"काढी टाक ते! सगासोयरा ऐकतीन!"

"काढाव नही. पहिला अल्बममा गावले इतल्या शिव्या दिध्यात, कोणीच जवाब दिधा नही. हाऊ पहिला जवाब शे, आबा."