आंघोळ घातलेली अंडी

न्हाई बाबा बिभीषण, इकायला एकबी अंडं न्हाई — दुसरीकडं बघ. ह्या टोपल्यातली? ती तुझ्या काकूची हायेत, अंबाजोगाईला न्यायची. दवाखान्यात पडलीय ना ती, अंगात रगत न्हाई, डॉक्टर म्हन्ले रोज अंडं द्या — अन् ही बया घरच्या कोंबडीचंच खाणार! बस की जरा. मीबी दमलोय, रोज एस्टीनं जा-ये, जा-ये.

आता हात लावलास ना? मंग साबणानं धू. हसू नगं, लई शिकलो मी ह्या दिसांत. मी माळकरी माणूस, जल्मात अंड्याला शिवलो न्हवतो — कोंबड्या तिच्या, खुराडं तिचं, अंड्याची चूलबी परसात येगळी. आता कोण करणार? मीच. पयल्या खेपंला काय केलं, सांगू? अंड्याला घाण, पिसं चिकटल्याली, मला आली किळस — समद्यांना बादलीत आंघोळ घातली अन् वलीच डब्यात भरून झाकण लावलं! कावून धुतली म्हंजे? आमी धुतल्याबिगर काय घरात घेतो का? मंग चार दिसांनी डबा उघडला तर असा वास — नासली समदी, उकिरड्यावर टाकली. तिला सांगितलं तर हसली रे, लई दिसांनी हसली. म्हन्ली, अवो, कोरड्या फडक्यानं पुसायचं, गार जागी ठिवायचं, धुवायचं ते उकडायच्या येळंला. तडकल्यालं घ्यायचं न्हाई. जुनं आधी काढायचं. अन् चांगलं कडक उकडायचं.

तसंच करतोय. पर ती खाईना — डबा नेला तसा माघारी. काल नर्सबाईला म्हन्लं, जरा सोलून द्या, तर तिला कुठली सवड? म्हन्ली, उत्तरेश्वरकाका, तुमीच सोला की. सोललं. ह्या हातानं सोललं, तोंडाम्होरं धरलं — तर हिनं मान फिरवली. म्हन्ली, माझ्यापायी तुमी बाटू नका. हाडं वर आलीत, अन् हिला माझ्या माळंची काळजी! मला भ्या वाटलं बिभीषण, लई भ्या वाटलं — ही अशीच उपाशी जायची. मंग काय... खाल्लं तिनं. अर्धं खाल्लं. रडत रडत, पर खाल्लं.

गळ्याकडं काय बघतूस? काढली माळ, तिच्याम्होरंच. तिच्या उशाखाली ठिवलीय. गावात बोलू नगं कुठं — जा आता, माझी एस्टी चुकंल.