माया सोडा

वहिनीचा नवा झगा काखेत टरकन फाटला. ती आणि तो शिवून देणारी तिची नणंद कापडदुकानाच्या रांगेत माझ्यापुढे बोलत होत्या.

“वन्सं, सैल झगा शिवणार होतात ना?”

“सैलच होता. तू त्यात श्वास घेतलास.”

“मापाच्या कागदावर काय लिहिलं होतं?”

“‘चारही बाजूंनी माया सोडा.’ जड गेलं, पण सोडली. तुझा विचार मनातून काढला आणि रेघेवरच कापला.”

“अहो, माया म्हणजे शिलाईसाठी जास्तीचं कापड!”

“मला वाटलं, कागद आध्यात्मिक आहे.”

“उद्या स्टेजवर बक्षीस घ्यायला हात कसा उचलू?”

“काखेत तुकडा जोडू. दादा, हे कापड आहे?”

“संपलं, ताई.”

“मग अर्ज करू. ‘आयोजकांस नम्र विनंती, बक्षीस विजेतीच्या कोपराखालीच द्यावे व समारंभ संपेपर्यंत तिला आनंद होऊ देऊ नये.’”