कपाटातला सर्व्हर परवानगी मागतोय

...आणि वर मलाच विचारतात, एवढे ओरडताय का! ओरडू नको तर काय टाळ्या वाजवू? तुम्हाला सांगतो, नदीवरच्या पुलाच्या इंजिनिअरने माझ्यासमोर कबूल केलं होतं की खांबाला तडा गेलाय. आज तोच फोनवर म्हणतो, 'छे हो, मी असं बोललोच नाही!' बोलला नाहीस? थांब, ऐकवतो! पण मुलाखत फोनमधून मीच पुसलेली, एकुलती एक प्रत आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या सर्व्हरवर... आणि वीज गेली. आली. सगळं सुरू झालं, सर्व्हर सोडून!

आमची संगणकवाली, वयाने पुतणीएवढी, तोरा सासूचा! म्हणते, 'काका, बिघडला नाहीये. सुरू होताना डिस्क तपासतो, त्यात चुका सापडल्या असणार. "दुरुस्त करू का?" विचारून थांबलाय.' अहो, विचारतोय कुणाला? त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड! 'लागत नाही काका, नेटवरूनच चालवतो त्याला.' मग नेटवरून सांग, 'हो' म्हणून! 'नेट सुरू व्हायच्या आधीच अडलाय ना!' म्हणजे बंद कपाटात हा सभ्य गृहस्थ परवानगी मागत बसलाय... विचारतोय कुणाला?

इकडे संपादक दारातून, 'टेप आणा, नाहीतर इंजिनिअरचा खुलासा छापतो.' अहो, पुलावरून बसगाड्या चालल्यायत, माणसांनी भरलेल्या! तेवढ्यात जाहिरात विभागाचे शहाणे आले, 'बंद करून चालू करा हो,' आणि प्लग उपटलासुद्धा! संगणकवाली किंचाळली. सर्व्हर पुन्हा उठला, पुन्हा अडला, पुन्हा तोच प्रश्न. विचारतोय कुणाला?

शेवटी स्वागतकक्षातला स्क्रीन आणला, हिशेबनिसांच्या हातातून कीबोर्ड ओढला, जोडला. प्रश्न एक? शेकडो! हे दुरुस्त करू? कर. तेही करू? कर रे बाबा! जन्मभर मी पुढाऱ्यांना प्रश्न विचारून घाम फोडला, आणि इथे एक डबा माझी उलटतपासणी घेतोय! 'काका, सगळ्याला एकदमच हो म्हणता येतं.' मग आधी नाही सांगायचं? 'तुम्ही कीबोर्ड सोडाल तर ना!'

उठला एकदाचा. मुलाखत मिळाली! आवाज खणखणीत: 'खांब गेलाय साहेब, पण पूल चालू ठेवा असा वरून हुकूम आहे.' धावलो. संपादक म्हणाले, 'पान गेलं छापायला. उद्या बघू.' पहिल्याच पानावर, ठळक: 'पूल सुरक्षित, इंजिनिअरचा निर्वाळा.' खाली माझं नाव! हे काय? तर म्हणे, 'त्याला फोन तुम्हीच केला होतात ना?'

टेप फोनवर उतरवून घेतली, फोन खिशात घातला आणि बसमध्ये चढलो... घर नदीपलीकडे आहे हो माझं.