नेसूचं मागायला कुणी आलं नाही

सन्माननीय अध्यक्ष, आमचे वडीलधारे बालोगुन फातोयिन्बो, पंख्याखाली बसलेले उत्सव समितीचे मान्यवर, सत्कारमूर्ती अकिनलोये, जमलेले गावकरी, आणि मागच्या दारापाशी पाहुण्यांसाठी कंद कुटत बसलेल्या माझ्या सगळ्या आया,

मी मोंजोला. गेलेदेच्या आयांमध्ये थोरली, म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. आमचे बाप्ये बाईचा वेष नि मुखवटा चढवून गेलेदे नाचतात कशाला? आयांच्या अंगी जी शक्ती आहे ती शांत राहावी, पोरंबाळं जगावीत म्हणून. त्या आयांना वर मंचावर एकही खुर्ची नाही. असो. गुडघे दुखतात, पायऱ्या कोण चढणार?

अकिनलोयेचं कौतुक काय सांगू! डोक्यावर मुखवटा चढला की बाप्या उरतच नसे. त्याची बायको म्हणायची, "आई, घरात पाण्याचं भांडं उचलत नाही, आणि चौकात माझ्यापेक्षा बाई दिसतो मेला!"

पण नाचाआधी हा दारोदार यायचा. उंबऱ्याशी पालथा पडायचा. "आई, तुझं नेसूचं दे." "मागचं धुऊन दिलंस का रे?" असं खेकसत कुणी लुगडं द्यायची, कुणी डोईचा फडका. आमचं अंगावरचं त्याच्या अंगावर गेलं, की मग तो आमचा.

यंदा कुणी आलं नाही. समितीनं नवा पोशाख शिवून आणला, छातीवर पैसे देणाऱ्या सिमेंटवाल्याचं नाव. सचिवसाहेब म्हणाले, "आई, जुनेरं फोटोत बरी दिसत नाहीत."

जुनेरं? माझ्या जुनेरात मी माझी लेक पाठीशी बांधून वाढवली, साहेब. मला राग आला आहे. वयाला शोभत नसेल, पण आला आहे. कुणाला विचारून केलंत हे?

सकाळी अकिनलोये माझ्याकडे आला. म्हणाला, "आई, तो पोशाख घालून बघितला. पाय उचलत नाहीत. आणि नाही म्हणालो तर समितीचा अपमान." आज त्याचा शेवटचा नाच, आणि तो बघा, सदरा-विजार घालून पाहुण्यासारखा बसलाय. ढोलकरी ताटकळलेत.

अध्यक्षांचे आणि समितीचे आभार मानते. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर म्हातारीला पदरात घ्या.

आणि मागे बघा. मुसळं बाजूला ठेवलीत, प्रत्येक आईच्या मांडीवर घडी घातलेलं कापड आहे. दिल्याशिवाय त्या घरी जाणार नाहीत, अन् मागितल्याशिवाय देणार नाहीत. अकिनलोये एकटा मागणार नाही, रीत तुम्ही मोडलीत. सचिवसाहेब, उठा. आधी तुम्ही पालथे पडा.