बॉनेटखालचं इंजिन

गॅरेजच्या बाकावर ती बाळाला थोपटत बसली होती. शेजारी तिचे दोघे भाऊ, समोर त्यांनी शोधून आणलेली वडिलांची लांबलचक जुनी गाडी, बॉनेट उघडं.

“दादा, ही आपली नव्हेच. आपली सहा सिलिंडरची होती,” धाकटा म्हणाला.

“दारावरचा पोचा तर तूच पाडलेला!”

“मग हे आठचं इंजिन? असल्या गाड्या मोजक्याच निघाल्या होत्या रे!”

“बाबा जन्मभर सहाच म्हणायचे.”

“ते आईला सांगायला. मोठं इंजिन पेट्रोल ढोसतं म्हणून तिचा विरोध होता ना.”

“आता तिला काय सांगायचं? परत आणा म्हणून तीच मागे लागलेली.”

“लाव फोन.”

“आई, गाडी मिळाली, पण इंजिन... काय?”

“काय म्हणतेय?”

“म्हणतेय, आठ मोजून घ्या. सहा असतील तर ती आपली नव्हे.”