सोमवारी चाइरो कुणाच्या घरी?

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर अन्सेल्मो वाल्दिव्हिया, आशीर्वाद द्यायला आलेले फादर बेनिग्नो, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि माझा धाकटा भाऊ डॉक्टर लिओन्सियो सेगारा, पहिल्या रांगेत मऊ खुर्च्यांवर विराजमान झालेले आरेकिपाचे प्रतिष्ठित नागरिक, आणि मागे बाकांवर बसवलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

तुम्हाला आठवत असेल, दुपारी मठाच्या शाळेची घंटा झाली की आपण पांढऱ्या दगडांच्या त्या गल्लीतून घरी निघायचो. मोजे घसरलेले, बोटांना शाई. कोपऱ्यावर मुलांच्या शाळेची पोरं येऊन मिळायची, त्यांत हा लिओन्सियोही असायचा, माझं दप्तर ओढत. आणि प्रत्येक खिडकीतून एकच वास यायचा. गावभर त्या दिवशी एकच सूप शिजत असायचं. सोमवारी ‘चाके’ नावाचं, मंगळवारी ‘चाइरो’, शुक्रवारी बिनमांसाचं. आपण नाकाने वार ओळखायचो. सिस्टर आग्नेस म्हणायच्या, या गावातल्या पोरींना कॅलेंडर शिकवायची गरज नाही, त्यांना भूक लागली की वार कळतो.

असो. माझ्या वाट्याला कौतुकाचं भाषण आलं आहे आणि मी कौतुकच करणार आहे. अध्यक्ष महोदय, तुम्ही आत्तापासून घड्याळ पाहू नका.

लिओन्सियोचा सत्कार कशाबद्दल आहे, हे फलकावर लिहिलंच आहे. ‘कमी खर्चात सकस, घरगुती जेवण’ ही त्याची मोहीम. रेडिओवरची त्याची व्याख्यानं आपण सगळ्यांनी ऐकली. डाळी खा, भाज्यांची सालं टाकू नका, बाहेरचं तळलेलं खाऊ नका, सोड्याचं रंगीत पाणी पिऊ नका. म्हणूनच आज संयोजकांनी आपल्या हातांत तळलेल्या कोंबडीची खोकी आणि पिवळ्या सोड्याच्या बाटल्या दिल्या आहेत. उपदेश प्रत्यक्षात उतरवायला धैर्य लागतं, ते पहिल्या रांगेकडे भरपूर आहे.

या मोहिमेमुळेच राजधानीतल्या एका मोठ्या संस्थेनं लिओन्सियोला बोलावून घेतलं. येत्या रविवारी तो सपत्नीक लिमाला जाणार, असं आपल्या पत्रिकेत छापलं आहे. मला बोलायचं आहे ते त्या ‘सपत्नीक’बद्दल.

व्यासपीठावरची ती रिकामी खुर्ची माझ्या भावजयीची, डोमितिलाची. मघाशी अध्यक्षांनी सांगितलं, वहिनींची प्रकृती जरा नरम आहे. मी सकाळीच तिला पाहिलं. सान कामिलोच्या बाजारात ती एका भाजीवालीशी भांडत होती आणि जिंकत होती. तिची प्रकृती उत्तम आहे. ती लिमाला जाणार नाही. लिओन्सियोला हे तिनं घरी सांगितलं होतं, पण घरी त्याला ऐकू येत नाही. व्यासपीठावर त्याला ऐकू येतं. म्हणून ती मला म्हणाली, “वन्सं, तुम्ही बोलणारच आहात ना? मग माझंही तेवढं उरकून टाका.”

बस, लिओन्सियो. पाणी पी. अजून कौतुक सुरूच झालेलं नाही.

डोमितिला माझ्याच शाळेतली. गरीब गाय वगैरे ती कधीच नव्हती. सिस्टरांशी लॅटिनमध्ये वाद घालायची. स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल तिला जी घमेंड आहे तेवढी बिशपना स्वतःच्या अंगठीबद्दल नसेल. बाजारात ती दिसली की निम्म्या विक्रेत्या छातीवर क्रूस काढतात. भाव तर पाडतेच, वर मूठभर कोथिंबीर फुकट घेते, आणि निघताना सांगते की गाजरं जून आहेत. तिच्या घरात एक हाड दोन दिवस पुरतं. शिळा पाव सुपाला दाटपणा देतो, घेवड्याच्या सोललेल्या साली परसातल्या गिनीपिगांना जातात आणि सणाला ते गिनीपिग ताटात येतात. अशा संसारावर पाच मुलं वाढली. माझी म्हातारी आई नव्वदीतही स्वतःच्या दातांनी मका खाते. सगळ्यांना सकस, सगळ्यांना पोटभर, आणि एखादा पाहुणा आलाच तर त्यालाही. यावर तिनं कधी व्याख्यान दिलं नाही. तिला वेळ नव्हता, आणि खरं सांगू का, आपण तिच्या भाषणाच्या लायकीचे आहोत असंही तिला वाटत नव्हतं.

आता लिओन्सियोकडे वळू. तो दवाखान्यात जेवायचा. म्हणजे डोमितिलाची तशी समजूत होती. रोज दुपारी ती झाकणाचं भांडं फडक्यात बांधून दवाखान्यात पाठवायची. भांडं घासूनपुसून परत यायचं. नवरा पोटभर जेवला, या समाधानात तिनं उभं आयुष्य काढलं. तुमच्यापैकी काही जण आता बुटांकडे बघू लागले आहेत. पाहा, पाहा, बूट चांगले आहेत.

रेडिओवर लिओन्सियो ज्याचं उदाहरण द्यायचा तो दवाखान्याचा द्वारपाल सातुर्निनो तुम्हाला आठवतोय? “घरचं साधं जेवण जेवणारा आमचा सातुर्निनो पाहा. साठी उलटली, रक्तदाब नाही, साखर नाही.” अगदी खरं. सातुर्निनोची तब्येत दृष्ट लागण्यासारखी आहे, कारण इतकी वर्षं माझ्या भावजयीचं सूप तोच पीत होता. डॉक्टरसाहेब भांडं त्याच्याकडे सरकवायचे आणि पलीकडच्या खाणावळीत या व्यासपीठावरच्या सन्माननीय अध्यक्षांबरोबर मोठा मांसाचा तुकडा आणि थंडगार बिअर घेऊन बसायचे. संशोधनासाठीच असणार. वाईट काय असतं, हे एखाद्यानं खाऊन बघायलाच हवं.

हे उघडकीला आलं ते रेडिओमुळेच. गेल्या महिन्यात लिओन्सियोनं व्याख्यानात सांगितलं, “आजही दर सोमवारी आमच्या घरी चाइरोचा सुगंध दरवळतो.”

मागच्या बाकांवर हसू नका. तुम्ही त्या दिवशीही हसला होतात, मला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं.

डोमितिला तेव्हा चुलीपाशी होती. आई तिच्या शेजारी घेवडा सोलत होती. आईला एका कानानं कमी ऐकू येतं, पण हे तिनं बरोबर ऐकलं. हातातला घेवडा तसाच ठेवून ती म्हणाली, “सोमवारी चाइरो? कुणाच्या घरी गं?”

संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा झाला की डॉक्टरांनी दुसरं घर केलं आहे. कारण आमच्या गावात ज्याच्या घरी सोमवारी चाइरो शिजतो, तो माणूस एकतर परगावचा असतो नाहीतर परस्त्रीचा. सत्य त्याहून हलकं होतं. लिओन्सियोला वार माहीतच नव्हते. रोज जे भांडं उघडायचं, ते त्यानं कधी उघडलंच नव्हतं. डोमितिलानं सातुर्निनोला विचारलं तर तो बिचारा टोपी हातात घेऊन म्हणाला, “बाईसाहेब, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. बुधवारी मीठ थोडं जास्त घालता, तेवढंच.” त्यावर ती चिडली नाही. त्याला म्हणाली की बुधवारचं मीठ असंच असतं, आणि त्याचं भांडं पाठवणं तिनं चालूच ठेवलं.

चिडली ती त्या रात्री, जेवणाच्या टेबलाशी. आई होती, मी होते. तिनं लिओन्सियोला एवढंच विचारलं, सोमवारी काय शिजतं ते सांग. लिओन्सियो हसला. हा कसा हसतो ते तुम्ही आत्ता बघतच आहात. म्हणाला, “सोमवार काय नि मंगळवार काय. पाण्यात बटाटे उकळायला वार लागतो का?”

बंधुभगिनींनो, एखाद्या माणसाने बायकोशी अबोला धरला, पैसे उधळले, रात्री उशिरा आला, तर आपण समजूत घालतो. पण ज्या कामावर एका बाईचं सगळं आयुष्य उभं आहे, तेच याने काट्यावर टोचून ताटाबाहेर टाकलं. आणि वर त्याच कामाचा सत्कार स्वीकारायला तो आज इथे कोट घालून बसला आहे.

डोमितिला म्हणाली, “खरंय तुझं. मग लिमाला तूच उकळून घे.”

त्याला वाटलं, बायको थट्टा करते आहे. त्यानं विमानाची दोन तिकिटं काढली, पत्रिका छापायला दिली, आणि तिला सांगितलं की लिमातलं स्वयंपाकघर छोटं आहे, तुझी ती पातेली इथंच वाटून टाक. आईचं काय, हे तिनं विचारलं तेव्हा म्हणाला की नन्सच्या वृद्धाश्रमात चांगली सोय असते. आई समोरच बसली होती. ती म्हणाली, “तिथं गुरुवारी काय देतात?”

लिओन्सियो, तू लहान असताना तापानं फणफणलास की आई तुला सुपाचा चमचा भरवायची आणि तू तोंड फिरवायचास. मी वाटी धरून बसायचे. सगळी वाटी गार होईपर्यंत. तुला शेवटी कोणतं सूप आवडायचं ते मला आजही ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. तू मोठमोठ्या लोकांना जेवायला शिकवणार आहेस. शोधून काढ.

डोमितिला इथेच राहणार. घर आईचं आहे, आई घरात आहे आणि पातेली चुलीवर आहेत. यात बदल होणार नाही.

आता आभार. मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे, मध्येच ध्वनिक्षेपक बंद न केल्याबद्दल त्या तंत्रज्ञांचे, आणि मागच्या बाकांचे, त्यांनी हसू दाबल्याबद्दल. ज्येष्ठांसमोर आवाज चढला असेल, एखाद्या पाहुण्याचा मान राहिला नसेल, तर या म्हातारीला क्षमा करावी. कुणाला काय द्यायचं ते मात्र डोमितिलानं नीट सांगितलं आहे, तेवढं ऐकून घ्या.

पुष्पगुच्छ फादर बेनिग्नोंनी न्यावेत, वेदीवर ताजी फुलं नाहीत. फळांची टोपली सातुर्निनोला, तो दाराशीच उभा आहे. अल्पाकाची शाल डोमितिलासाठी आणलीत, ती मी घेऊन जाते, आईच्या गुडघ्यांवर घालायला. लिमाचं दुसरं तिकीट या पाकिटात आहे. ते अध्यक्ष महोदयांना द्या. इतकी वर्षं दुपारचं जेवण त्यांनीच लिओन्सियोच्या सोबतीनं घेतलं, ती सोबत आता कशाला तोडायची?

आणि हे चांदीचं तबक लिओन्सियोला. जपून ने रे. रोज त्यात काहीतरी वाढून घ्यावं लागेल.