कप मी फोडला होता

जन्म माझा मुलुंडचाच, नाल्याकाठच्या झोपडीतला, आनि सुमनचाबी तिथलाच. तुम्ही तिचंच इचारायला आलाय ना, कादंबरीवाल्या सुमनचं, मला ठाऊक हाय, पन आधी माझं लिवा, मी थोरली हाय. आई सोसायटीत भांडी घासायची, मी चौथीतनं शाळा सोडून तिच्यासंगं जायला लागले, म्हनून सुमन शिकली, मास्तरीन झाली. हे काय पुस्तकात न्हाई.

त्या एका घरात आईचा कप वेगळा, कान तुटलेला, बाहेर खिडकीत ठेवलेला, का ते तुम्हाला सांगायला नको. बाई वरनं चहा वतायची, आई पदर सावरून प्यायची. एक दिवस काय झालं मला, मी तो कप उचलला नि बाईच्या पायाशी आपटला. काम गेलं. घरी आईनं झाडूनं बडव बडव बडवलं, म्हनाली, आता खा कपाचे तुकडे. सुमन तवा सहा वर्सांची, कोपऱ्यात बसून बघत हुती.

मग माझं लगीन, मग संपात नवऱ्याची गिरनी बंद, मग मी विक्रोळीला साबनाच्या कारखान्यात, पॅकिंगला. आनि इकडं हिची कादंबरी आली. जेवनाच्या सुट्टीत रोज दोन पानं, अक्षर अक्षर लावून वाचली मी. काय सांगू तुम्हाला, कप हिरोईन फोडते, हिरोईन म्हंजी हीच, रिबिनी बांधून शाळेत जानारी, आनि आई तिला पोटाशी धरते. पोटाशी! थोरली बहीन तर पुस्तकात न्हाईच. कप घे गं बाई, दिला तुला, पन मार माझा नि माया तुझी?

घाटकोपरला सत्कार झाला तिचा. मी नवी साडी नेसून पयल्या रांगेत. एका पोरीनं उठून इचारलं, म्याडम, तो कप खरंच तुम्ही फोडला होता का? सुमननं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलंल. म्हनाली, हो. टाळ्या पडल्या, मीबी वाजवल्या, काय करनार. जळते मी तिच्यावर, हां, तसंच लिवा, लय जळते.

परवा वही घेऊन आली. ताई, संपातले दिवस तू कसे काढलेस सांग ना गं, नवीन लिवतेय. मी म्हनलं, विसरले बाई. जेवू घातलं, बस स्टॉपवर सोडून आले. विसरतंय कोन? तिला औक्ष मिळू दे, नाव होऊ दे, माझ्याच आईची लेक हाय. पन पुढचं पुस्तक तिनं स्वतःच्या अंगावर सोसून लिवावं.